विहीणबाईंची वंशावळ

सोयरीक जुळविताना घराणे विचारण्याची रीत आपल्या समाजात अजून मोडलेली नाही. कोणत्या गावचे, कोणत्या आळीतले, आजोळ कोठले, एवढे समजले की मन निश्चिंत होते. आमच्या थोरल्या लेकीने अमेरिकेतच लग्न ठरविले तेव्हा हे प्रश्न विचारायला जागाच उरली नाही. मुलगा न्यू जर्सीचा, सुशील, ख्रिस्ती परंतु कॅथॉलिक नव्हे. वडील हयात नाहीत, आई शाळेत ग्रंथपाल होती व आता निवृत्त आहे. आम्हा उभयतांना एवढीच काय ती माहिती. पुढे नातवाच्या जन्मानिमित्त २०१८ साली आम्ही चार महिने तेथे राहिलो. तेव्हा कळले की, ज्या घराण्याविषयी आम्ही काहीच विचारले नव्हते त्याचा जवळजवळ चारशे वर्षांचा हिशेब विहीणबाईंपाशी होता. आणि तो हिशेब जुळत नव्हता म्हणून त्यांना चैन नव्हते.

विहीणबाईंचे माहेर डच वसाहतकारांच्या वंशातले. नातवाला त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी एक जाडजूड वही भेट द्यावी आणि तीत त्याच्या आजीचे सारे पूर्वज क्रमाने लिहिलेले असावेत, असा त्यांचा संकल्प होता. आम्हा दोघांपैकी एकाची नोकरी जमिनीच्या दप्तरात गेली, दुसऱ्याची शाळेत. जुनी अक्षरे लावण्याची आणि फेरफार उलगडण्याची सवय आम्हांला आहे हे लेकीने सासूच्या कानावर घातले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या गेल्या. घराण्याचे नाव आम्ही येथे देत नाही. विहीणबाईंची तशी इच्छा आहे.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. हेन्री हडसन हा इंग्रज खलाशी १६०९ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून पूर्वेकडची वाट शोधीत निघाला आणि आज ज्या नदीला त्याचे नाव आहे तिच्या मुखाशी पोहोचला. १६२१ साली डच वेस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. १६२४ साली तिने पहिली कुटुंबे तेथे नेली. प्रदेशाला न्यू नेदरलंड म्हणत, आणि मॅनहटन बेटावरील गावाला न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ साली इंग्रजांच्या आरमारापुढे गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांनी लढाई न करता शरणागती पत्करली आणि गावाचे न्यू यॉर्क झाले. म्हणजे डच अंमल पुरता चाळीस वर्षांचा. आपल्या वसईवर पोर्तुगीज दोनशे वर्षे होते. पण राज्य गेले म्हणून माणसे गेली नाहीत. डच शेतकरी तेथेच राहिले, घरात डच बोलत राहिले, डच उपदेशकांची प्रवचने ऐकत राहिले. अमेरिकेचे आठवे राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन १७८२ साली जन्मले. त्यांची मातृभाषा डचच होती.

अडचण नावांची होती. त्या काळच्या सामान्य डच माणसाला आडनाव नसे. बापाचे नाव हेच त्याचे दुसरे नाव. यान याचा मुलगा पीटर, तो पीटर यान्सन; पीटरचा मुलगा क्लास, तो क्लास पीटर्सन; क्लासचा मुलगा पुन्हा यान, तो यान क्लासन. तीन पिढ्यांत तीन ‘आडनावे’! त्यातून मुलाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल, त्यामुळे एका गावात एकाच वेळी चार-चार यान पीटर्सन नांदत. गाव सांगायचे असेल तर ‘व्हान’ लावीत; आपण ‘कर’ लावतो तसे. उत्रेख्तजवळच्या दे बिल्त गावचा एक यान १६५० च्या सुमारास आला. त्याचे वंशज पुढे व्हँडरबिल्ट म्हणून कोट्यधीश झाले. क्लास मार्टेन्सन व्हान रोझेन्व्हेल्ट नावाचा एक शेतकरी साधारण त्याच सुमारास आला. त्याच्या मुलाने रूझवेल्ट असे लिहिण्यास आरंभ केला आणि दोन राष्ट्राध्यक्ष त्या वंशात झाले. इंग्रजी अंमलात नावे हळूहळू गोठली. एका भावाने बापाचे नाव धरले, दुसऱ्याने गावाचे, आणि सख्ख्या भावांची दोन घराणी झाली.

घरगुती नावांची आणखी गंमत. क्लास म्हणजे निकोलस, ट्रेन्त्ये म्हणजे कॅथरिना, ग्रिएत्ये म्हणजे मार्गारेट, तोनिस म्हणजे अँथनी. विहीणबाई एका तोनिसला दोन वर्षे शोधीत होत्या. आम्ही त्यांना सांगितले, आमच्या गावात सेबॅस्टियनचा बस्त्याव होतो, इग्नेशियसचा इनास आणि जोसेफचा झुजे. शाळेच्या दाखल्यावर एक आणि विहिरीवर दुसरे. त्या हसल्या आणि त्यांनी ती तीन नावेही वहीच्या समासात टिपून घेतली.

या गुंत्यात आधार एकच, बाप्तिस्म्याची वही. न्यू ॲमस्टरडॅमच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी १६३९ पासून टिकून आहेत. त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी छापल्याही गेल्या. तारीख, बाप, बालक, आणि साक्षीदार. कॅल्विनपंथीय त्यांना साक्षीदार म्हणत, आपण धर्मपिता व धर्ममाता म्हणतो. बहुधा मावशी, काका, आजी हेच उभे राहत. म्हणून बापाच्या नावाने जे उलगडत नाही ते साक्षीदारांच्या नावाने उलगडते. दुसरी मोठी सोय म्हणजे डच स्त्री लग्नानंतरही माहेरचे नाव वापरी आणि कागदावर त्याच नावाने येई. इंग्रजी कायदा आला आणि बायका नवऱ्यांच्या नावाआड गेल्या. विहीणबाईंना याचा राग होता. आम्हांलाही आमच्या पणजीचे माहेरचे आडनाव ठाऊक नाही, हे तेव्हा जाणवले.

सरकारी दप्तराची कथा तर अद्भुत आहे. वसाहतीचे सुमारे बारा हजार पानांचे डच कागद न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे आहेत. १९११ साली तेथील ग्रंथालयाला प्रचंड आग लागली. डच कागद खालच्या फळ्यांवर होते, वरचे इंग्रजी कागद कोसळून त्यांच्यावर पडले, आणि इंग्रजी जळाले, डच बहुतांशी वाचले! १९७४ पासून चार्ल्स गेरिंग यांनी ते भाषांतरित करण्याचे काम हाती घेतले आणि त्यात जन्म घालविला. दप्तरात आयुष्य काढलेल्या माणसाला अशा माणसांविषयी आदर वाटतो.

तारखांचाही एक सापळा होता. हॉलंडचे पंचांग पोप तेरावे ग्रेगरी यांच्या सुधारणेप्रमाणे चाले; इंग्रजांनी पोपचे पंचांग १७५२ पर्यंत मानले नाही, आणि त्यांचे वर्षही पंचवीस मार्चला बदलत असे. त्यामुळे राज्य बदलताच दहा दिवसांचा फरक पडला. एका मुलाचा जन्म आईबापांच्या लग्नाआधी झालेला दिसत होता, तो या हिशेबाने औरस ठरला. विहीणबाईंनी त्या दिवशी केक आणला.

वंशावळीच्या नादाला दोन रोग लागतात, एक थोरवीचा आणि दुसरा जमिनीचा. अमेरिकेतील डच घराण्यांना दोन्ही लागले. योरिस रापाल्ये आणि कातालीना त्रिको हे जोडपे घ्या. विहीणबाईंची एक शाखा त्यांच्यापर्यंत जाते, आणि ही काही दुर्मिळ गोष्ट नव्हे. त्यांचे वंशज आज लाखांनी मोजतात. त्यांची कन्या सारा ९ जून १६२५ रोजी जन्मली, न्यू नेदरलंडमध्ये जन्मलेली ती पहिली युरोपीय मुलगी मानतात. एकोणिसाव्या शतकात या घराण्याला फ्रान्समधील सरदारांच्या वंशाशी जोडून दिलेले होते. पुढे ॲमस्टरडॅमची विवाहनोंद पुढे आली. १६२४ च्या जानेवारीत लग्न, नवरा एकोणीस वर्षांचा, व्हालेन्सिएनचा कापड-कामगार, नवरी अठराची. सहीच्या जागी तो निशाणी करी. ही दोघे फ्रेंच बोलणारी वालून, म्हणजे ‘पहिले डच’ डचही नव्हते! लग्नानंतर काही दिवसांतच ती जहाजावर चढली.

सरदार गेला याचे विहीणबाईंना दुःख झाले नाही. त्यांना आवडला तो १६८० सालचा एक वृत्तान्त. यास्पर दांकार्ट्स नावाचा एक प्रवासी त्या वर्षी वृद्ध कातालीनाला भेटला. तिची मुले-नातवंडे-पतवंडे तेव्हा एकशे पंचेचाळीस होती. तरी ती सर्वांपासून जरा दूर, एकटी, आपल्या बागेजवळ राहत होती. अठराव्या वर्षी परमुलखात आलेली मुलगी. त्या पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. आमची लेक बावीसाव्या वर्षी गेली.

जमिनीचा रोग आनेके यान्स हिच्या नावाने प्रसिद्ध आहे. ही बाई मूळची नॉर्वेच्या किनाऱ्यावरची. १६३० साली नवऱ्यासह आली. तो वारल्यावर तिने उपदेशक एव्हरार्डस बोगार्डस यांच्याशी लग्न केले. तेही १६४७ साली जहाज फुटून बुडाले. मॅनहटनवर तिची बासष्ट एकरांची वाडी होती. तिच्या मृत्यूनंतर १६७१ साली वारसांनी ती इंग्रज गव्हर्नरला विकली, पण एका शाखेच्या सह्या राहून गेल्या. १७०५ साली राणी ॲनने ती जमीन ट्रिनिटी चर्चला दिली. पुढे तेथे शहर उभे राहिले, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि वंशज जागे झाले. ते दोनशे वर्षे खटले हरत राहिले. आनेके ही ऑरेंजच्या राजघराण्यातली, हॉलंडच्या बँकेत तिची ठेव आहे, अशा वावड्या उठल्या. वारसांचे संघ निघाले, वर्गण्या गोळा झाल्या, आणि गरिबांचे पैसे लबाडांच्या खिशात गेले. सामायिक खातेदाराची एक सही राहिली म्हणजे काय होते, हे वसईच्या वाचकांना आम्ही काय सांगावे? ही हकिकत ऐकताना आमच्यातील दप्तरवाला इतक्यांदा मान डोलवीत होता की, विहीणबाईंना वाटले त्याला आधीच सारे ठाऊक आहे.

एक नाव मात्र आम्हांला आधीपासून ठाऊक होते, ते येशूसंघीय संत इझाक जोग यांचे. मोहॉक लोकांनी १६४२ साली त्यांना पकडले, त्यांची बोटे छिन्न केली. १६४३ साली त्यांना पळून जाण्यास साहाय्य करणारे ते हेच डच प्रोटेस्टंट. त्या काळी युरोपात दोन्ही पंथ एकमेकांच्या जिवावर उठले होते; तरी कॅल्विनपंथीय उपदेशक योहानेस मेगापोलेन्सिस या कॅथॉलिक धर्मगुरूंचे मित्र झाले. जोग मॅनहटनवर काही दिवस होते. गावात अठरा भाषांची माणसे आहेत असे त्यांना गव्हर्नरांनी सांगितल्याचे त्यांनी पुढे लिहिले. एका पोर्तुगीज स्त्रीच्या घरात त्यांनी संत आलोइस यांचे चित्र पाहिले. १६४६ साली ते परत मोहॉकांत गेले आणि तेथे त्यांना हौतात्म्य आले. १९३० साली त्यांना संतपद मिळाले. विहीणबाईंच्या वहीत त्यांना जागा नव्हती, परंतु आमच्या आग्रहाने एक पान मिळाले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

बाप्तिस्म्याच्या त्या छापील वहीतून बोट फिरवीत असताना यान आणि पीटर यांच्यामध्ये एकाएकी आमच्या आळीतली नावे लागली. मॅन्युएल. अँथनी. दोमिंगो. ग्रासिया. प्रथम वाटले, कोणी गोवेकर येथे कसा आला? मागे शब्द होता, ‘निग्रो’. कोणाच्या नावापुढे आंगोला, कोणाच्या पुढे काँगो. हे कंपनीचे गुलाम. काँगोचा राजा १४९१ सालीच ख्रिस्ती झाला होता आणि आंगोलात पोर्तुगीज होते. तेथे बाप्तिस्मा होऊन, पोर्तुगीज नावे घेऊन ही माणसे गुलामांच्या जहाजांवर चढविली गेली, आणि डचांच्या हाती लागली. ज्या पोर्तुगीजांकडून आम्हांला श्रद्धा आणि आडनावे मिळाली त्यांच्याचकडून त्यांना मिळाली. एकाच टाकसाळीची नाणी, दोन समुद्रांपार पडलेली. आम्ही नावे मोठ्याने वाचू लागलो तेव्हा पाळण्याजवळ बसलेली लेक उठून आली.

या माणसांपैकी अकरा जणांना गव्हर्नर किफ्ट यांनी फेब्रुवारी १६४४ मध्ये बायकांसह मुक्त केले. पावलो आंगोला, थोरला मॅन्युएल, धाकटा मॅन्युएल, सिमोन काँगो, अँथनी पोर्तुगीज, पीटर सांतोमे असे ते लोक. जवळजवळ अठरा-एकोणीस वर्षे त्यांनी कंपनीची सेवा केली होती. अट अशी की, दरवर्षी धान्य आणि एक पुष्ट डुक्कर कंपनीला द्यावे. आणि त्यांची मुले, झालेली आणि व्हावयाची, गुलामच राहावीत. आईबाप मोकळे, लेकरू गहाण!

डोरोथिया आंगोला ही अशाच मोकळ्या झालेल्यांपैकी एक. ऑगस्ट १६४३ मध्ये ती अँथनी नावाच्या एका बालकाच्या बाप्तिस्म्याला साक्षीदार म्हणून उभी राहिली. त्याचे आईबाप लवकरच वारले. तिने त्या पोराला कोणाच्याही मदतीवाचून वाढविले. १६६१ साली तिच्या नवऱ्याने सरकारकडे अर्ज केला: या मुलाला स्वतंत्र ठरवावे, म्हणजे आमच्या पश्चात आमचे जे आहे ते त्याला मिळेल. अर्ज मंजूर झाला. आम्हीही कित्येक बाप्तिस्म्यांना धर्मपिता, धर्ममाता म्हणून उभे राहिलो आहोत. मेणबत्ती धरली आहे, नंतर जेवून घरी आलो आहोत.

पुढे वहीत ही नावे विरळ होत जातात आणि जवळजवळ नाहीशी होतात. उपदेशक हेन्रिकस सेलायन्स यांनी १६६४ साली हॉलंडला पाठविलेल्या पत्रात कारण सांगितले आहे: गुलाम आपल्या मुलांसाठी बाप्तिस्मा मागतात तो त्यांना गुलामीतून सोडविण्याच्या हेतूने, म्हणून आम्ही तो देत नाही. मुलाचे बंधन तुटावे ही आईबापांची इच्छा हाच त्यांचा दोष ठरला. पंथाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. पोर्तुगीज भारतातही कॅथॉलिक घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते आणि त्यांचे मालक दर रविवारी मिस्सेला जात.

विहीणबाई हे सर्व शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी कपाटातून एक लिफाफा आणला. ब्रुकलिनच्या बाजूच्या, किंग्ज काउंटीतल्या त्यांच्या एका पूर्वजाचे मृत्युपत्र, अठराव्या शतकाच्या मध्याचे. पत्नीला घर, मुलाला शेत, पवित्र शास्त्राचा मोठा ग्रंथ वडील मुलाला. आणि मुलीला एक पलंग, एक गाय, आणि ‘एक निग्रो स्त्री व तिचे मूल’. नाव नाही. गाईच्या रंगाचा उल्लेख होता. हा कागद त्यांच्यापाशी तीन वर्षे होता आणि त्यांनी तो मुलालाही दाखविला नव्हता. हिशेब जुळत नव्हता तो हा.

आम्हांलाही धक्का बसला हे कबूल केले पाहिजे. गुलामगिरी दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांत होती अशी आमची समजूत. पण १७९० च्या खानेसुमारीत किंग्ज काउंटीतील जवळजवळ एकतृतीयांश माणसे गुलाम होती, आणि तेथली जमीन मुख्यत्वे डच शेतकऱ्यांची होती. त्या खानेसुमारीत घरमालकाचे नाव असते, गुलामांचा केवळ आकडा. सोजर्नर ट्रूथ या प्रख्यात स्त्रीचा जन्म १७९७ च्या सुमारास न्यू यॉर्कमधील अशाच एका डच घरात गुलाम म्हणून झाला. तीही लहानपणी डचच बोले. न्यू यॉर्कमध्ये गुलामगिरी १८२७ साली संपली.

विहीणबाईंच्या एका चुलतभावाचे म्हणणे, कागद फाडू नये पण वहीत घालूही नये. भेटीच्या वहीत असले विषय कशाला? आमच्या जावयाला वाटे, मूळ प्रत संग्रहालयाला द्यावी आणि मोकळे व्हावे. लेक गप्प होती. त्या मुलाच्या रक्तात दोन्हीकडचे येणार होते.

“तुम्ही काय केले असते?” विहीणबाईंनी आम्हांला विचारले. खरे सांगायचे तर आम्ही उत्तर लगेच दिले नाही. आमच्या गावातही कोणाच्या वाडीत कोण राबत होते, कोणाच्या ओटीवर कोण बसत नव्हते, हे वयस्कांना ठाऊक आहे आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकांत ते छापले जात नाही. शेवटी आमच्यातील दप्तरवाला म्हणाला, फेरफाराच्या वहीत एक नोंद गाळली की पुढच्या सगळ्या खोट्या पडतात. दुसरे म्हणाले, नाव नसले तरी ती आई होती.

बाप्तिस्मा लेकीच्या धर्मग्रामातील कॅथॉलिक चर्चमध्ये झाला. विहीणबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. वही त्या दिवशी दिली गेली नाही. ती अपुरी आहे असे त्यांनी पाहुण्यांना सांगितले. त्यानंतर आठवड्याने त्यांनी त्या पूर्वजाच्या पानासमोर मृत्युपत्राचा तो भाग, गाय आणि पलंगासकट, जसाच्या तसा आपल्या हाताने उतरून काढला. चुलतभाऊ त्यांच्याशी अजून मोजकेच बोलतो.

आम्ही परतल्यापासून त्यांची पत्रे येतात. त्या निनावी स्त्रीला जिच्या वाट्याला दिले ती मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घराण्यात गेली. तेव्हा पुढचा माग त्या घरात लागेल, असा त्यांचा तर्क आहे. स्वतःच्या पूर्वजांचे काम त्यांनी बाजूला ठेवले आहे. त्या घराण्याची मृत्युपत्रे, चर्चच्या नोंदी, १७९९ च्या कायद्यानंतर गुलाम मातांच्या मुलांच्या जन्माची जी नोंद मालकांना करावी लागे ती, असे एकेक त्या मागवीत आहेत. मागच्या पत्रात त्यांनी आमच्याकडे मागणी केली आहे की, पोर्तुगीज नावांची आपल्याकडे बोलण्यात जी रूपे होतात त्यांची एक यादी करून पाठवा. डच कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले एखादे नाव त्यावरून ओळखू येईल. आम्ही यादी करीत आहोत. आतापर्यंत बेचाळीस झाली आहेत.